सपाट पत्र्याचा गोल गडी

सिनेमातला दगड खरा नसतो. राजाचा मुकुट सोन्याचा नसतो. तलवार लाकडाची असते आणि तिला चंदेरी रंग दिलेला असतो. गावच्या नाटकात भीमाची गदा पुठ्ठ्याची असते, आणि ती उचलताना भीम उगीच कण्हतो, हे तर तुम्ही पाहिलेच आहे. नाटकात किंवा सिनेमात पात्रांनी हाताळायच्या ज्या वस्तू असतात, त्यांना नाटकवाले लोक 'प्रॉपर्टी' म्हणतात.

नाटक संपले की प्रॉपर्टी पेटीत जाते. सिनेमाची असेल तर कोठीत धूळ खात पडते, नाहीतर मोडून फेकून देतात. पण जगात असे काही हौशी लोक आहेत, की सिनेमात पाहिलेली वस्तू हुबेहूब तशीच आपल्या हाताने घडवायची, या एका ध्यासाने ते महिनेच्या महिने खपतात. एकेकाला दोन-दोन, चार-चार वर्षेही लागतात. त्यांचे काम कसे चालते ते या पाठात पाहू. काम दूरदेशीचे आहे. पण त्यातली पट्टी, गुण्या, सुरी आणि कानस ही आपल्या सुताराच्या पेटीतलीच आहेत.

आधी त्या सिनेमाची हकिकत सांगतो.

१९७७ सालच्या मे महिन्यात अमेरिकेत 'स्टार वॉर्स' नावाचा चित्रपट लागला. जॉर्ज लुकस नावाच्या दिग्दर्शकाने तो काढला होता. नावाचा अर्थ ताऱ्यांची युद्धे. ही विज्ञानकथा होती. विज्ञानकथा म्हणजे काय? आज नाहीत, पण शास्त्र पुढे गेले तर उद्या कदाचित असतील, अशा गोष्टी कल्पून लिहिलेली कथा. आपल्या मराठीत जयंत नारळीकर यांनी अशा कथा लिहिल्या. स्वतः मोठे शास्त्रज्ञ असून लिहिल्या.

या चित्रपटात एक बुटका यंत्रमानव आहे. त्याचे नाव आर टू-डी टू. तो माणसासारखा मुळीच दिसत नाही. पाण्याचे पिंप डोळ्यांपुढे आणा. त्यावर एक गोल घुमट बसवा. पिंपाला दोन्ही बाजूंनी दोन जाडजूड पाय लावा. चालताना मधून तिसरा पाय बाहेर येतो. अंग पांढरे, त्यावर निळ्या चौकटी. उंची सुमारे १०९ सेंटिमीटर, म्हणजे पाच वर्षांच्या पोराएवढी. त्याला बोलता येत नाही. नुसता शिट्या मारतो आणि चिवचिवतो. तरी पाहणाऱ्याला वाटते, याला सगळे कळते! त्या साली पोराटोरांनी आणि मोठ्यांनीही त्याला फार जीव लावला.

हा गडी चालायचा कसा? चित्रीकरण १९७६ साली ट्युनिशियाच्या वाळवंटात आणि इंग्लंडातल्या एल्स्ट्री येथील स्टुडिओत झाले. तेव्हा असे यंत्रमानव एकाहून जास्त बनवले होते. काही दुरून चालवायचे होते. ते वाळूत भलतीकडेच जात, नाहीतर आडवे होत. एकात मात्र माणूस बसे. केनी बेकर हे त्या नटाचे नाव. त्यांची उंची ११२ सेंटिमीटर होती. ते आत बसून अंग हलवीत आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, पिंपालाच जीव आहे. हे बेकर २०१६ साली वारले.

आणखी एक मजा आहे. हे सगळे सामान काही नवे करकरीत नव्हते. पैसा बेताचा होता. सामान जमवणारे रॉजर ख्रिश्चन भंगारात आणि जुन्या दुकानांत हिंडत. चित्रपटातल्या नायकाच्या हातात उजेडाची तलवार आहे. तिची मूठ म्हणजे जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या दिव्याचा दांडा! शिपायांच्या हातातल्या बंदुका म्हणजे इंग्रजी लष्करातल्या स्टर्लिंग बंदुकाच, वर चार तुकडे चिकटवलेल्या. म्हणजे मूळ वस्तूच अशी जोडून-जुळवून केलेली होती. तेव्हा घरी बसून तशी वस्तू करू पाहणारा माणूस काही वेडा म्हणता येणार नाही. कारागिरांनी केले तेच तो करतो आहे. फरक इतकाच, की कारागिरांना ते कुणासारखे करायचे नव्हते आणि याला मात्र अगदी त्याच्यासारखेच करायचे आहे. हे दुसरे काम आमच्या मते जास्त कठीण.

१९९९ साली ऑस्ट्रेलियातल्या डेव्ह एव्हरेट यांनी आर टू बांधणाऱ्यांचे एक मंडळ सुरू केले. पुढे देशोदेशीचे लोक त्यात आले. चित्रपटातली दृश्ये थांबवून-थांबवून न्याहाळायची, प्रदर्शनात ठेवलेल्या मूळ वस्तू बारकाईने पाहायच्या, त्यावरून मापे ठरवायची आणि नकाशे काढायचे. नकाशा एकाने काढला की तो सगळ्यांचा. पुढच्याला मागच्याची चूक दिसली तर त्याने ती सुधारायची. कुणी ॲल्युमिनियमचा गडी बांधतो, कुणी लाकडाचा. पण ज्याच्याकडे यंत्रे नाहीत, जागा थोडी आणि पैसाही थोडा, तो प्लास्टिकच्या पत्र्याचा बांधतो. आपण हाच पाहू.

पत्रा कसला?

या प्लास्टिकचे नाव पॉलिस्टायरीन. नाव अवघड आहे, पण वस्तू तुमच्या ओळखीची आहे. थर्माकोल तुम्ही पाहिला आहे ना? लग्नाच्या मखरात असायचा, नवीन टीव्हीच्या खोक्यात येतो. थर्माकोल म्हणजे हेच प्लास्टिक, फक्त वायूने फुगवलेले. लाही आणि ज्वारीचा दाणा यांचे जे नाते, तेच थर्माकोल आणि या पत्र्याचे. १८३९ साली जर्मनीत एडुआर्ड सायमन नावाच्या औषधविक्याला हा पदार्थ एका झाडाच्या चिकापासून प्रथम मिळाला. कारखान्यात तो विकण्याजोगा तयार होऊ लागला तो मात्र १९३० च्या सुमारास.

नुसते पॉलिस्टायरीन ठिसूळ असते. वाकवले की काचेसारखे तडकते. म्हणून त्यात थोडे रबर मिसळतात. मग ते चिवट होते. फ्रीज उघडल्यावर आतले जे पांढरे गुळगुळीत अंग दिसते, ते पुष्कळदा याच जातीचे असते. त्याचे मोठे सपाट पत्रे मिळतात. एक मिलिमीटर जाडीचा पत्रा हाताने सहज गोल वळतो. दोन मिलिमीटरचा ताठ राहतो.

कापायला करवत लागत नाही. लोखंडी पट्टी धरायची आणि धारदार सुरीने पत्र्यावर रेघ ओढायची. एकदम जोर लावायचा नाही. दोन-तीन वेळा हलक्या हाताने त्याच रेघेवरून सुरी न्यायची. पत्रा आरपार कापायचा नसतोच. रेघ नीट उमटली की पत्रा मागे वाकवायचा. कट् असा आवाज येतो आणि रेघेवर सरळ तुटतो. काच कापणारा हिरकणीने रेघ मारून काच तोडतो, तसेच हे. पट्टी लोखंडाचीच हवी, कारण प्लास्टिकच्या पट्टीला सुरी खाते आणि रेघ वाकडी जाते. पाते बोथट झाले की लगेच बदलावे. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, जोर लावला की पाते घसरते आणि घसरलेले पाते बोटावर येते. पट्टी धरलेला हात कधीही सुरीच्या वाटेत ठेवू नये.

मधेच चौकोनी खिडकी कापायची असेल तर आधी चारही कोपऱ्यांत बारीक भोके पाडतात. असे का? चीर भोकापाशी येऊन थांबते. भोक नसेल तर ती कोपरा ओलांडून पुढे पळते आणि चांगला पत्रा फुकट जातो.

आता मापाचे पाहू

इथे जरा थांबू, कारण सगळे काम यावरच तगते.

आर टूच्या पोटाचे पिंप सुमारे ४६ सेंटिमीटर रुंद आहे. आत लाकडाचा किंवा जाड प्लास्टिकचा सांगाडा करतात. वर एक कडे, खाली एक कडे, मधे उभे दांडे. त्याभोवती पत्रा गुंडाळायचा. मग पत्रा किती लांब हवा?

गोलाच्या रुंदीला २२ ने गुणून ७ ने भागले की गोलाचा घेर मिळतो. हा हिशेब लोहाराला हाताने ठाऊक असतो. गाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायची म्हणजे धावेची लांबी चाकाच्या घेराशी जमली पाहिजे. ४६ ला २२ ने गुणा. १०१२ झाले. त्याला ७ ने भागा. १४४ सेंटिमीटर आणि वर सुमारे ६ मिलिमीटर. हा सांगाड्याचा घेर.

पण या गड्याला एक पत्रा पुरत नाही. दोन लागतात, एकावर एक. त्याचे कारण असे. त्याच्या अंगावर लहान-मोठी पुष्कळ दारे आहेत. दार बाहेरच्या पत्र्यातून कापतात. त्याला मागून टेकायला काठ हवा. म्हणून आतल्या पत्र्यातले भोक थोडे लहान ठेवतात आणि बाहेरच्यातले थोडे मोठे. दोन्ही पत्रे एकमेकांवर बसले की दाराभोवती आपोआप खाच तयार होते. आपल्या घरच्या दाराच्या चौकटीला जशी खाच असते तशीच.

आता नवखा माणूस काय करतो? तो दोन्ही पत्रे एकाच लांबीचे कापतो. त्याला वाटते, एक मिलिमीटरच्या पत्र्याने असा काय फरक पडणार? आतला पत्रा छान बसतो. बाहेरचा गुंडाळायला जावे तर शेवटी टोके मिळतच नाहीत! मधे फट राहते. मिलिमीटर गेले कुठे?

हिशेब करून पाहा. आतला पत्रा एक मिलिमीटर जाड. तो सांगाड्याच्या या बाजूलाही आहे आणि त्या बाजूलाही आहे. म्हणजे पिंपाची रुंदी दोन मिलिमीटरने वाढली. दोनला २२ ने गुणून ७ ने भागा. सहा मिलिमीटरहून थोडे जास्त येते. तेवढा बाहेरचा पत्रा लांब हवा. आणि नुसता लांब होऊन भागत नाही. त्यावरची दारेही त्याच हिशेबाने थोडी-थोडी सरकली पाहिजेत. नाहीतर पुढचे दार जमते आणि मागचे आतल्या भोकावर बसत नाही. चाकाची धाव जाड पत्तीची असली की लोहारसुद्धा पत्तीच्या जाडीचा हिशेब धरतो. त्याला विचारून पाहा.

दुसरी गोष्ट रेघेची. पेन्सिलीच्या रेघेलाही जाडी असते. धरा, अर्धा मिलिमीटर. एक दार आखले, त्याच्या रेघेपासून दुसरे मोजले, दुसऱ्याच्या रेघेपासून तिसरे. दर वेळी अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर वीस रेघांत किती? दहा मिलिमीटर, म्हणजे एक सेंटिमीटर! शेवटचे दार पार शेजारच्या हद्दीत गेले. बांधाचे भांडण असेच तर सुरू होते. म्हणून जाणते कारागीर अशी साखळी धरत नाहीत. पत्र्याची एक कड खरी सरळ करून घेतात आणि प्रत्येक माप त्याच कडेपासून मोजतात. मग एका रेघेची चूक त्या रेघेपाशीच राहते. दुसरीच्या गळ्यात पडत नाही.

भिंत बांधणाऱ्या गवंड्याने, कापड बेतणाऱ्या शिंप्याने, जमीन मोजणाऱ्या माणसानेही हे जाणले आहे. ज्यांना आकडे नुकते वाचता येऊ लागले आहेत, त्यांनी एक पट्टी आणि एक जुने डबड्याचे झाकण घेऊन घेराचा हिशेब स्वतः करून पाहावा. झाकणाची रुंदी मोजा. २२ ने गुणा, ७ ने भागा. मग झाकणाभोवती दोरा गुंडाळून तो पट्टीवर मोजा. दोन्ही जवळजवळ सारखे आले की कागदावरचा आकडा आणि हातातला दोरा एकच गोष्ट बोलतात, हे डोळ्यांना दिसते.

चिकटवणे

हा पत्रा साध्या डिंकाने चिकटत नाही. त्याला विरघळवणारे पातळ द्रव लागते. बारीक कुंचल्याने ते सांध्यावर सोडतात. द्रव फटीत आपोआप शिरते. दोन्ही कडा जराशा विरघळतात, एकमेकांत मिसळतात, मग द्रव उडून जाते आणि सांधा घट्ट होतो. गुळाचे दोन खडे ओले करून दाबून ठेवले तर वाळल्यावर एकच ढेप होते. तसेच हे. नीट जमलेला सांधा ओढला तर पुष्कळदा सांधा सुटण्याऐवजी शेजारचा पत्राच फाटतो.

द्रव जास्त झाले तर मात्र पत्रा मऊ पडून त्याला खळगा पडतो. तो मग भरत बसा!

या द्रवांची भीती बाळगायला हवी, आणि ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. काही द्रवे पेट्रोलसारखी भडकतात. जवळ चूल, काडी, विडी काही नको. काहींची वाफ दिसत नाही, पण डोके गरगरते. बंद खोलीत ती कोंडली तर माणूस बेशुद्ध पडतो, जीवही जातो. त्यांतले एक द्रव डायक्लोरोमिथेन नावाचे आहे. माणसे मरू लागली म्हणून घरगुती वापरासाठी ते विकायला अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०२४ साली बंदी घातली. तेव्हा असले काम दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवून किंवा ओसरीवर करावे, मुलांना दूर ठेवावे आणि बाटली कधीही पाण्याच्या बाटलीजवळ ठेवू नये. पत्र्याचे उरलेले तुकडेही जाळू नयेत. हे प्लास्टिक जळताना काळाकुट्ट धूर सोडते आणि काजळीच्या जळमटांनी घर भरते.

घुमट

पोट झाले, पाय झाले. पाय म्हणजे खोकीच. सपाट पत्रे काटकोनात जोडायचे, आतून आडवे तुकडे लावायचे. त्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही.

घुमट मात्र भल्याभल्यांना रडवतो. सपाट पत्रा एका बाजूने वळतो. त्याची नळी होते, पिंप होते. पण तोच पत्रा एकाच वेळी दोन बाजूंनी वळत नाही. तव्यावरची पोळी उपड्या लोट्यावर घालून पाहा. कडेला सुरकुत्या पडतातच. पत्र्याला सुरकुत्याही पडत नाहीत. तो सरळ मोडतो.

यावर तोड म्हणजे उष्णता. उकळत्या पाण्याच्या उष्णतेला हे प्लास्टिक मऊ पडू लागते. त्याहून बरेच तापवले की ते ओल्या फडक्यासारखे लोंबते. तेव्हा ते साच्यावर टाकायचे आणि खालून हवा ओढून घ्यायची. वरची हवा पत्र्याला साच्यावर दाबते. थंड झाले की साच्याचा आकार कायम! जत्रेतले मुखवटे या रीतीने होतात. स्टार वॉर्समधल्या शिपायांची पांढरी शिरस्त्राणेसुद्धा १९७६ साली इंग्लंडात अँड्र्यू एन्सवर्थ नावाच्या कारागिराने अशीच हवा ओढून केली होती. लहान भागांना घरची कचरा ओढायची मशीन पुरते. पण आर टूचा घुमट ४६ सेंटिमीटरचा. तेवढा मोठा पत्रा सगळीकडे सारखा तापवणे घरात जमत नाही. एकीकडे तो पातळ पडतो, दुसरीकडे जाड राहतो. म्हणून पुष्कळ लोक पोट प्लास्टिकचे करतात आणि घुमट ॲल्युमिनियमचा तयार आणतात. काही हट्टी लोक कलिंगडाच्या फाकांसारख्या पट्ट्या कापून त्या सांगाड्यावर जोडतात. मग लांबी भरायची, पॉलिश पेपरने घासायची. पुन्हा लांबी, पुन्हा घासणे. आधी जाड पेपर, मग बारीक. घासताना तोंडाला फडके बांधून चालत नाही. बारीक धूळ अडवणारा मास्क हवा.

घासून झाले हे कसे कळते? डोळ्यांनी कळत नाही. डोळे मिटून तळहात फिरवावा. हाताला सांधा लागला नाही, तर झाले. अस्तराचा रंग दिला की मात्र दडलेले ओरखडे सगळे वर येतात. तेव्हा मन खट्टू होते, पण पुन्हा घासायला बसावे लागते.

शेवटी पांढरा रंग आणि निळ्या चौकटी. काही बांधणारे यावरच थांबतात. गडी दुकानातून आणल्यासारखा चकचकीत दिसतो. पण चित्रपटातला गडी वाळवंटातून आलेला, मळलेला आणि ओरखडलेला आहे. जॉर्ज लुकस यांना सगळ्या वस्तू वापरून जुन्या झालेल्या दिसायला हव्या होत्या. म्हणून दुसरे काही लोक एवढ्या मेहनतीने केलेल्या पांढऱ्या अंगावर परत तपकिरी डाग पाडतात. आम्हाला हे मळके गडीच जास्त आवडतात. त्यांनी काही सोसले आहे असे वाटते.

करून विकावे का?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. उत्तर सरळ नाही. चित्रपट ज्याचा, त्यातल्या आकारांवर आणि पात्रांवर त्याचा कायद्याने हक्क असतो.

शिरस्त्राणे करणारे ते एन्सवर्थ आठवतात ना? त्यांनी पुढे २००४ च्या सुमारास तशीच शिरस्त्राणे करून विकायला काढली. लुकस यांच्या कंपनीने त्यांच्यावर दावा लावला. २००६ साली अमेरिकेतल्या न्यायालयाने कंपनीला दोन कोटी डॉलर देण्याचा हुकूम केला. इंग्लंडात खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०११ साली निकाल लागला. न्यायाधीश म्हणाले, हे शिरस्त्राण म्हणजे शिल्प नव्हे, चित्रपटात वापरायची वस्तू आहे. त्यामुळे इंग्लंडच्या कायद्याने त्यावर शिल्पाइतका दीर्घ हक्क नाही. पण अमेरिकेतल्या हक्काचा भंग झाला का, याचा विचार इंग्लंडातले न्यायालय करू शकते, असेही ते म्हणाले. म्हणजे ज्याने पहिल्यांदा घडवले त्यालाही विकताना कोर्टाची पायरी चढावी लागली.

आर टू बांधणारे हा पेच वेगळ्या रीतीने सोडवतात. ते आपल्या हौसेसाठी बांधतात. बांधून विकण्याचा धंदा करीत नाहीत. कंपनीनेही अशा हौशी लोकांना आडकाठी केली नाही.

आणि पुढे तर उलटेच झाले. २०१३ साली जर्मनीतल्या एसेन शहरात स्टार वॉर्सच्या चाहत्यांचा मेळा भरला. कंपनीच्या प्रमुख कॅथलीन केनेडी तिथे आल्या होत्या. हौशी लोकांनी घरी बांधलेले आर टू एका बाजूला ओळीने उभे होते. बाईंनी ते पाहिले. नवा चित्रपट काढायचे चालले होते. त्याला आर टू हवाच होता. ली टाउर्सी आणि ऑलिव्हर स्टीपल्स हे दोघे इंग्लंडातले बांधणारे. नव्या चित्रपटाचा आर टू बांधायचे काम कंपनीने त्यांनाच दिले. तो चित्रपट २०१५ च्या डिसेंबरात लागला. ज्यांनी सिनेमा पाहून नक्कल केली, त्यांचीच वस्तू सिनेमात अस्सल म्हणून उभी राहिली!

त्याच चित्रपटात आणखी एक यंत्रमानव क्षणभर दिसतो. तो निळा नाही, गुलाबी आहे. त्याची हकिकत अशी.

अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यात अल्बिन जॉन्सन नावाचे गृहस्थ आहेत. चित्रपटातल्या शिपायांचे पांढरे प्लास्टिकचे चिलखत घालणाऱ्यांची एक पलटण त्यांनी १९९७ साली उभी केली. ही पलटण लढत नाही. इस्पितळात आजारी मुलांना भेटायला जाते, धर्मादाय कामांना मदत जमवते. या जॉन्सन यांच्याच लहान मुलीला मेंदूत गाठ झाली. डॉक्टरांचा इलाज चालेना. २००२ सालच्या स्टार वॉर्स चित्रपटात आर टू निजलेल्या एका बाईंवर रात्रभर पहारा ठेवतो. पोरीने ते पाहिले होते. मी झोपते तेव्हा माझ्याजवळही असा एक असावा, असे ती म्हणाली. आणि तिला गुलाबी रंग आवडे.

जॉन्सन यांनी आर टू बांधणाऱ्यांना विचारले. ते लगेच हो म्हणाले. पण वर आपण पाहिलेच की हे काम घाईचे नाही. माप, कापणे, सांधणे, घासणे, रंग. वर्ष सहज जाते. पोरीजवळ तेवढे दिवस नव्हते. तेव्हा त्यांच्यातल्या एकाने आपला स्वतःचा बांधून तयार असलेला आर टू घेतला, त्याला गुलाबी रंग दिला आणि तिच्या घरी पाठवून दिला. २००५ सालच्या जुलैमध्ये तो तिच्याजवळ पोचला. तिने त्याला मिठी मारली. ऑगस्टमध्ये ती गेली. तेव्हा ती सात वर्षांची होती.

बांधणाऱ्यांनी काम सोडले नाही. देशोदेशीच्या लोकांनी एकेक भाग करून पाठवला आणि २००६ साली नवा गुलाबी गडी पुरा झाला. मुलीचे नाव केटी, म्हणून त्याचे नाव आर टू-केटी ठेवले. तो इस्पितळांतून आजारी मुलांना भेटत हिंडू लागला. २०१५ च्या चित्रपटात विमाने उभी करायच्या तळावर, माणसांच्या धावपळीत, तो मागे दिसतो.